अलिबागला जाता, मग चौलला का थांबत नाही?

नगरहून अलिबाग गाठायचे तर शिरूर, पुणे, लोणावळा, खोपोली, पेण अशी वाट धरावी लागते. अंतर अडीचशे ते पावणेतीनशे किलोमीटर. शनिवारी पहाटे निघायचे, दुपारच्या जेवणाला किनाऱ्यावर पोहोचायचे आणि रविवारी रात्री उशिरा माळीवाड्यात परत उतरायचे, हा नगरकरांचा ठरलेला बेत. चार घरे मिळून टेम्पो ट्रॅव्हलर करतात, पोरांसाठी चिवडा-लाडवांचे डबे भरतात, आणि पेण मागे पडले की खिडकीतून ‘समुद्र दिसला का?’ अशी विचारणा सुरू होते. ज्या जिल्ह्यात वर्षाला सरासरी ६०० मिलिमीटरच्याही आत पाऊस पडतो, तिथल्या माणसाला इतके पाणी एकदम दिसल्यावर जे वाटते ते मुंबईकराला सांगून कळायचे नाही.

या सहलीत खोट काढण्यासारखे काही नाही. मात्र तिचा नकाशा फार तोकडा आहे. वरसोली किंवा नागावचा किनारा, कुलाबा किल्ला, जमले तर काशीद आणि मुरूडचा जंजिरा, मग परतीची वाट. अलिबाग ते मुरूड या रस्त्यावर चौल लागते, रेवदंडा लागतो, कोर्लई लागते. गाड्या तिथे शहाळ्यापुरत्या थांबतात. हा सगळा किनारा एकेकाळी नगरच्या दरबाराशी बांधलेला होता, चौल हे नगरच्या राज्याचे बंदर होते आणि त्या बंदरासाठी नगरच्या फौजा लढल्या होत्या, हे त्या गाडीतल्या बहुतेकांच्या कानावरही आलेले नसते.

इथे नगरची म्हणजे अहमदनगरची निजामशाही. हैदराबादच्या निजामाशी या घराण्याचा काही संबंध नाही. तो कारभार पुढे अठराव्या शतकात आला. मलिक अहमदने १४९० मध्ये भिंगारजवळ बहमनी फौजेचा पराभव केला आणि १४९४ मध्ये तिथेच नवे शहर वसवायला घेतले. त्याआधी त्याचे ठाणे होते जुन्नर. जुन्नरचा माणूस पश्चिमेला पाहणारच, कारण नाणेघाट उतरला की कोकण. फिरिश्ता या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे, की वडिलांच्या खुनाची बातमी आली तेव्हा मलिक अहमद दंडा-राजपुरीला वेढा घालून बसला होता. दंडा-राजपुरी म्हणजे जंजिऱ्यासमोरचा किनारा. नगर शहराचा पाया घातला जाण्यापूर्वीच त्याच्या संस्थापकाची नजर समुद्रावर होती. फिरिश्ता स्वतः तरुणपणी नगरच्या दरबारात वाढलेला, त्यामुळे या राज्याची माहिती त्याने जवळून घेतलेली आहे.

चौल नगरपेक्षा कितीतरी जुने. ग्रीक-रोमन लेखकांना ते सिमुल्ला या नावाने ठाऊक होते, अरबांना सैमूर म्हणून; दहाव्या शतकाच्या सुरुवातीला अल्-मसूदी तिथे येऊन गेला. १४७० च्या आसपास अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी चौललाच उतरला. त्याने सोबत एक घोडा आणला होता. दख्खनमध्ये चांगल्या घोड्यांची पैदास होत नसे, म्हणून अरबस्तान आणि इराणकडच्या घोड्यांना इथे सोन्याचा भाव होता. निकितीन चौलहून पालीमार्गे घाट चढून जुन्नरला पोहोचला, त्यात त्याचे तीन आठवड्यांहून अधिक दिवस गेले. जुन्नरच्या खानाने घोडा काढून घेतला आणि धर्म बदललास तर घोडाही देईन, वर हजार मोहराही देईन, अशी अट घातली. शेवटी एका खुरासानी गृहस्थाने रदबदली केली, तेव्हा घोडा परत मिळाला. रेवदंड्यात आज या निकितीनचे स्मारक उभे आहे. तिथे थांबले, तर बंदर आणि घाटमाथा यांचे नाते एका घोड्याच्या गोष्टीत मुलांना समजावून सांगता येते.

मलिक अहमदने राज्य उभारले तेव्हा हे बंदर त्याच्या हाती आले. आणि मग मार्च १५०८ मध्ये चौलच्या खाडीत जे घडले ते जगाच्या इतिहासात नोंदले गेले. इजिप्तच्या सुलतानाचे आरमार अमीर हुसेन घेऊन आला होता, दीवहून मलिक अयाज त्याच्या मदतीला आला, आणि पोर्तुगीजांचा तांडा खाडीत कोंडला गेला. पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द अल्मेडाचा मुलगा लोरेन्सो त्या तांड्याचा प्रमुख. त्याचे जहाज बाहेर पडता पडता कोळ्यांनी मासेमारीसाठी रोवलेल्या खुंटांत अडकले. तोफेच्या गोळ्याने पाय गेला तरी तो डोलकाठीला टेकून लढत राहिला आणि तिथेच मेला. हिंदी महासागरात पोर्तुगीजांना बसलेला हा पहिला मोठा तडाखा. पुढच्याच वर्षी बापाने दीवला त्याचा सूड घेतला. रेवदंड्याच्या पुलावरून खाली कुंडलिकेचे पाणी दिसते, ते हेच. पर्यटकांच्या गाड्या त्या पुलावरून साळावकडे निघून जातात.

लढाईनंतर व्यवहार झाला. १५२१ मध्ये बुऱ्हाण निजामशहाने पोर्तुगीजांना खाडीच्या तोंडाशी किल्ला बांधायची परवानगी दिली. त्याच्या बदल्यात त्याला हवे होते ते घोडे. अरबस्तान-इराणचे घोडे चौलला उतरवता यावेत, ही त्यातली अट होती. तेव्हापासून इथे दोन चौल झाली. वरचे चौल निजामशहाचे, खालचे पोर्तुगीजांचे. खालचे म्हणजे आजचा रेवदंडा. गोव्यात जन्मून मुंबईत नाव कमावलेले डॉ. जे. जर्सन द कुन्हा यांनी चौल आणि वसईच्या पुराणवस्तूंवरचे पुस्तक १८७६ मध्ये प्रसिद्ध केले. या किनाऱ्याचा इतिहास वाचायला आजही तिथूनच सुरुवात करावी लागते.

बुऱ्हाणच्या काळात माणसेही या वाटेने वर येत. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्याहून नगरला येऊन बुऱ्हाण निजामशहावर उपचार करून गेला होता. भारतातल्या औषधी वनस्पतींवर त्याने लिहिलेला ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला आणि युरोपातल्या वैद्यांनी तो डोक्यावर घेतला. त्यात नगरच्या शहाचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो. विजापूरला जाऊन जी मलिक-ए-मैदान तोफ लोक पाहतात, ती १५४९ मध्ये नगरला ओतली गेली आणि ओतणारा होता मुहम्मद बिन हसन रूमी, तुर्की प्रदेशातला कारागीर. मलिक अंबर आफ्रिकेतून आला आणि नगरच्या चंगीजखानाने त्याला विकत घेतले. परदेशातून आलेल्या या माणसांनी नगरला मोठे केले, आणि चौलसारखी बंदरे उघडी होती म्हणून अशा माणसांचा ओघ दख्खनला लागत होता.

त्यापुढचा भाग मुर्तजा निजामशहाचा, आणि सहलीला जाणाऱ्याने तो डोळ्यांपुढे ठेवावाच. १५७० च्या अखेरीस विजापूरच्या आदिलशहाने गोव्याला वेढा घातला आणि ठरल्याप्रमाणे मुर्तजाने चौलला. दोन्ही शहांनी एकाच वेळी पोर्तुगीजांना समुद्रात ढकलायचे, असा डाव होता. नगरचे सैन्य सह्याद्री उतरून महिनोन्‌महिने रेवदंड्याच्या तटाशी झुंजत राहिले. १५७१ च्या पावसाळ्यात वेढा उठला. गड पडला नाही. समुद्राकडची वाट पोर्तुगीजांच्या हातात होती, रसद गोव्याहून येत राहिली आणि नगरकडे त्या तोडीचे आरमार नव्हते. फिरिश्ता आणखी एक कारण देतो: निजामशहाचेच काही सरदार आतून फितूर होते आणि त्यांना पोर्तुगीज दारूचा नजराणा पोहोचत होता.

याच मुर्तजाच्या काळात जंजिऱ्याचे दगडी बांधकाम उभे राहिले. १५६७ ते १५७१ ही वर्षे त्यासाठी सांगितली जातात. आधी तिथे कोळ्यांचा लाकडी मेढेकोट होता. तो निजामशाही सरदार पिरमखानाने कपटाने घेतल्याची कथा राजपुरीच्या होडीतला प्रत्येक गाइड सांगतो, पण तो सरदार कुठल्या गादीचा, हे सांगायचे राहून जाते. नगरच्या माणसाने ते ऐकताना कान टवकारावेत. आणि नगरला परतल्यावर फराहबाग पाहावी. एकेकाळी तळ्याच्या मधोमध उभा असलेला तो अष्टकोनी महाल १५८३ मध्ये, मुर्तजाच्याच अमदानीत पुरा झाला. पाण्याच्या मधोमध बांधकाम करण्याची हौस आणि हिंमत असलेल्या त्या राजवटीची ही दोन रूपे. जंजिऱ्याला सुट्टीच्या दिवशी होडीसाठी रांगा लागतात. फराहबागेत मात्र नगरचीच माणसे फारशी फिरकत नाहीत.

कोर्लईचा डोंगर खाडीच्या दुसऱ्या काठावर, रेवदंड्याच्या बरोबर समोर. १५९४ मध्ये दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहाने त्यावर तोफा चढवल्या आणि रेवदंड्यावर मारा सुरू केला. सप्टेंबरात पोर्तुगीजांनी हल्ला करून तो गड घेतला. नगरचा हा प्रयत्न तिथे फसला, आणि पुढच्याच वर्षी मोगल नगरच्या तटाशी आले आणि चांदबिबीला स्वतःच्याच राजधानीचा बचाव करावा लागला. पुढे वसईच्या मोहिमेनंतर १७४० मध्ये चौल, रेवदंडा, कोर्लई मराठ्यांकडे आले.

पोर्तुगीज गेले, त्यांची बोली मात्र कोर्लईत राहिली. किल्ल्याच्या पायथ्याच्या ख्रिस्ती वस्तीत घरोघरी आजही पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून झालेली भाषा बोलली जाते. बोलणारी माणसे हजाराच्या घरात. ती तिला ‘नो लिंग’ म्हणतात. जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने या बोलीवर १९९६ मध्ये आख्खे पुस्तक लिहिले. शेतकरी आणि मच्छीमारांच्या एका लहान गावाने पावणेतीनशे वर्षे एक भाषा जिवंत ठेवावी, ही महाराष्ट्राने अभिमानाने सांगायची गोष्ट आहे. कोर्लईच्या दीपगृहापर्यंत लोक जातात, फोटो काढतात आणि गावातून न बोलता परततात.

ज्यांना इतिहासाचे एवढे वेड नाही, त्यांच्यासाठीही हा पट्टा अलिबागच्या गर्दीपेक्षा सुखाचा आहे. चौलचा रस्ता माडा-पोफळीच्या वाड्यांतून जातो. डोक्यावर इतकी दाट सावली, की भर उन्हातही अंधारल्यासारखे वाटते. रामेश्वराचे देऊळ आणि त्यापुढची पुष्करणी, डोंगरावरचे दत्ताचे देऊळ, झाडीत हरवलेला निजामशाही काळातला हमामखाना, रेवदंड्याच्या तटातून आरपार गेलेला गाडीरस्ता आणि माडांच्या शेंड्यांवरून डोकावणारा सातखणी मनोरा. नेवाशाजवळच्या देवगडला दत्तजयंतीला जाणाऱ्यांना चौलची दत्तयात्रा आपलीच वाटेल; तीही मार्गशीर्षातच भरते. वाटेत अलिबागजवळच्या कार्ले-खंडाळे गावांतल्या शेतकऱ्यांकडून पांढऱ्या कांद्याची माळ घ्यावी. भात निघाल्यावर त्याच खाचरात लावलेला हा कांदा, पातीसकट वेणी घालून विकतात; चव गोडसर, तिखटपणा बेताचा. त्याला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. नेप्तीच्या उपबाजारात लाल आणि उन्हाळी कांद्याच्या गोण्या मोजणाऱ्या नगरच्या शेतकऱ्याने ती माळ हातात घेऊन विक्रेत्याला दोन प्रश्न जरूर विचारावेत. माल थोडा, नाव मोठे आणि भाव शेतकऱ्याच्या हातात, हे गणित त्यांनी कसे जमवले, ते समजून घेण्यासारखे आहे.

एका बाबतीत मात्र कळकळीने सांगायला हवे. घाटावरच्या माणसाला भरती-ओहोटीची सवय नसते. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर सहलीला आलेले पुण्याचे १४ विद्यार्थी बुडाले. वरून शांत दिसणारे पाणी ओहोटीला पायाखालची वाळू ओढत नेते आणि पोहता येणाऱ्यालाही आवरत नाही. काशीदचा किनारा देखणा, पण आत ओढणारा. वाळूत गाडी घालून फोटो काढणाऱ्यांच्या गाड्या भरतीत अडकल्याच्या बातम्या दर हंगामात येतात. कोकणातल्या जुन्या माणसांचा यावर एक साधा हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती आणि साधारण सहा तास आधी, नऊच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. कुलाबा किल्ल्यात चालत जायचे असेल तर हा हिशेब करूनच बेत आखावा, आणि पाण्यात पाय टाकण्याआधी किनाऱ्यावरच्या कोळ्याला विचारावे. पावसाळ्यात जंजिऱ्याच्या होड्या बंद असतात. तेव्हा तिकडे जाऊच नये.

मुरूडच्या दुर्घटनेनंतर शाळांनी समुद्रकाठच्या सहली टाळायला सुरुवात केली. भीती समजण्यासारखी आहे. पण पाण्यात न उतरताही हा किनारा दाखवता येतो. निकितीनचे स्मारक, रेवदंड्याचा तट, सातखणी मनोरा, कोर्लईचा गड, रामेश्वराचे देऊळ ही सगळी ठिकाणे कोरड्या पायांनी पाहायची आहेत. शाळांच्या सहलींना एसटी भाड्यात निम्मी सवलत देते. तिचा उपयोग करून नगर, पारनेर, श्रीगोंद्याच्या शाळांनी दोन दिवसांची चौल-सहल काढायला काय हरकत आहे? वॉटर पार्कच्या सहलीपेक्षा त्यातून मुलांच्या हाती नक्कीच जास्त लागेल.

आणि ज्यांना दूर जाणे परवडत नाही, त्यांना कोकण जिल्ह्यातूनही दिसते, हे नगरकरच विसरतात. अकोले तालुक्यातल्या हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर उभे राहिले की खाली ठाणे जिल्ह्यातला कोकणपट्टा पसरलेला असतो. साम्रदची सांदण दरी सरळ कोकणाच्या बाजूला कोसळते. घाटघरच्या जलविद्युत प्रकल्पात अकोल्यातले पाणी डोंगराच्या पोटातून खाली शहापूर तालुक्यातल्या चोंढे जलाशयात सोडतात, २५० मेगावॉट वीज करतात आणि मागणी कमी असेल तेव्हा तेच पाणी पंपाने पुन्हा वर चढवतात. घाटावरचे नगर आणि घाटाखालचे कोकण यांची हद्द एकमेकांना अशी लागून आहे.

शासनाकडून मागायचे ते फार खर्चाचे नाही. जंजिरा, कुलाबा, रेवदंडा, कोर्लई हे किल्ले केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे आहेत. नगरची फराहबाग आणि दमडी मशीदही त्याच खात्याकडे. एकाच खात्याला दोन्हीकडे मराठीत चार ओळींचे फलक लावणे जड नाही. रेवदंड्याच्या तटावर १५७१ च्या वेढ्याची माहिती असावी, फराहबागेत चौलच्या बंदराची. नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयात निजामशाहीचा एक मोठा नकाशा असावा, जुन्नर ते नगर आणि नाणेघाट ते चौल दाखवणारा. २०२४ मध्ये जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. चौंडीच्या लेकीचे नाव जिल्ह्याला मिळाले याचा आनंद असणाऱ्यांनीच आधीचा पाचशे वर्षांचा इतिहासही सांभाळला पाहिजे, कारण तो याच मातीतला आहे, आणि अहिल्यादेवींनीही देशभर जुने ढासळलेले उभे करण्यातच आयुष्य घालवले.

येत्या सुट्टीत अलिबागचा बेत असेल, तर शनिवार किनाऱ्याला द्या आणि रविवारी सकाळी गाडी चौलकडे वळवा. अलिबागपासून ते पंधरा किलोमीटरच्या आसपास आहे. रामेश्वर, रेवदंड्याचा तट आणि कोर्लईचा गड एका दिवसात आरामात होतात. मुलांना सोबत न्या, आणि हे आपल्या नगरचे बंदर होते, असे त्यांना तिथे उभे राहून सांगा.